टोळ आणि धर्मशाळा

२ मार्च

ती. दादास,

सा. न., आणि विनंतीच्या जागी आज तक्रार.

तू स्वतः टोळ चालवत येशील, दोन दिवस राहशील, माझ्या हातच्या चहाला नावं ठेवशील आणि माझी मिनीव्हॅन घेऊन परत जाशील, असं मी धरून चालले होते. आला तो ट्रकवाला. त्यानं फळ्या लावून टोळ उतरवला, व्हॅन चढवली, तीन ठिकाणी माझी सही घेतली आणि चहा नको म्हणून निघून गेला. पाच तासांचा रस्ता, तोही तुझ्या आवडीचा, आणि तू कंबर धरल्याचं कारण सांगतोस. तुझ्या कंबरेला माझा नमस्कार कळव.

ठरलं ते पुन्हा लिहून काढते, म्हणजे मागाहून वाद नको. अण्णांनी भंगारातून आणलेली आणि तुम्ही दोघा बापलेकांनी पाच वर्षं खपून उभी केलेली दोन माणसांची उघडी रोडस्टर, म्हणजे आपला टोळ, सहा आठवडे माझ्याकडे. माझी सहा जणांची मिनीव्हॅन, जिला तू पहिल्या दिवसापासून धर्मशाळा म्हणतोस, ती तुझ्याकडे. कारण लेक दोन्ही नातींना घेऊन सुटीला आली आहे आणि टोळात दोन माणसं नि एक डबा एवढंच मावतं. सहा आठवड्यांनी मी प्रामाणिकपणे सांगायचं की दोन्हींत चांगली गाडी कोणती. मी टोळ म्हटलं तर तो घरात राहणार. व्हॅन म्हटलं तर तू त्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या वकिलांना होकार कळवणार, आणि टोळ त्यांच्या काचेच्या दालनात जाऊन उभा राहणार.

एवढा मोठा निकाल माझ्या गळ्यात का घातलास, ते मला अजून उमगलेलं नाही. मला खोटं बोलता येत नाही म्हणून, असं तू म्हणालास. पण खोटं बोलता न येणं आणि खरं काय ते कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तू उसनी देताना तिच्या खोड्या लिहून द्यायच्या, शिडी दिली तरी तिला चिठ्ठी बांधायची, हा अण्णांचा नियम मी पाळला आहे. व्हॅनच्या कप्प्यात यादी आहे. सरकतं दार शेवटच्या वितीवर अडतं, त्याला ढोपर मारावं. मधल्या रांगेतली खिडकी अर्धीच उघडते. मागच्या सीटखालून अधूनमधून गोळ्यांचे कागद निघतात. ते कोणाचे हे विचारू नये. तुझीही यादी मिळाली. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, डावं दार उचलून लावायचं, चढावर त्याच्याशी बोलायचं नाही. ती वहिनींच्या अक्षरात का, हे मात्र कळलं नाही.

काल सकाळी पहिल्यांदा चालवला. कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं गेले. बसल्यावर आधी जाणवलं ते हे, की जमीन फार जवळ आहे. धुकं गाडीवरून जात नव्हतं, गाडीतून जात होतं. दोन्ही बाजूंना झाडं असून नसल्यासारखी होती. मला वाटलं, आपण कोणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत, आणि जोरात हॉर्न वाजवला तर तो माणूस जागा होईल. हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. अतिशयोक्ती आहे का? थोडी आहे. पण खोडत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आणि नातींना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे, वाढवायला जागा कुठे उरली आहे?

तुझी,
शंकासुर


१० मार्च

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांतला एक खास तुझ्या क्लचच्या पायाला.

अक्षर मोठं दिसेल. लेकीनं जाड निबाचा पेन आणला आहे, तो संपवतोय. एका पानावर सहा ओळी बसतात म्हणून वहिनी कागदाच्या नावानं ओरडते. तू शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणारी बाई, तुला बारीक अक्षराची सवय. थोडं मोठंही वाचत जा, डोळे निवतील.

आता धर्मशाळेबद्दल. माझी जागा मधल्या रांगेत, अर्ध्या उघडणाऱ्या खिडकीशी. आजोबांनी मागे बसायचं, असं नातींनी ठरवून टाकलं आहे आणि माझं या घरात काही चालत नाही. तुझ्या गाडीला मी आजवर नावं ठेवली ती बाहेरून. आतून ती गाडी नाहीच, ती गच्ची आहे. गच्चीवर खुर्ची टाकून बसावं आणि गच्चीच चालायला लागावी, तसं होतं. उंचावरून कुंपणांच्या पलीकडचं दिसतं. वाळत घातलेले कपडे, उताणी झोपलेली कुत्री, शिडीवर चढून खिडक्या पुसणारा माणूस. तळ्याच्या कडेला पाण्यात एक पाय वर करून उभे असलेले बगळे मी परवा मोजले. सतरा होते. चाळीस वर्षं त्या रस्त्यानं टोळ हाकला, पण एक बगळा पाहिला असेन तर शपथ. टोळात माणूस समोर बघतो. दुसरं काही बघायचं नसतंच.

एक तक्रार. तुझी गाडी आवाजच करत नाही. सगळे दहा मिनिटांत झोपतात. काल लेक चालवत होती, बाकीचा सगळा डबा घोरत होता आणि मी एकटा जागा. मला क्षणभर वाटलं, आपण सगळे कुठल्या तरी फार जुन्या प्रवासात आहोत, अण्णा पुढे बसलेत, आणि उतरायचं ठिकाण कोणाला माहीत नाही. बरं वाटलं. मग नात झोपेत माझ्या बुटावर लवंडली.

निकालाची घाई करू नकोस. टोळाला चढावर नेलंस का? बोललीस नाही ना त्याच्याशी?

आमच्या दातवाल्या मेहुण्यांना सांग, त्यांची आठवण माझी दाढ काढते. लोभाची चौकशी करत नाही, तुझ्याकडे तो सुरक्षित आहे.

तुझा,
दादा


१९ मार्च

ती. दादास,

सा. न. पत्र मोठ्या अक्षरातलं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

तीन आठवडे होत आले. हाती आलं ते लिहिते.

टोळ अवघड आहे. आमचे दातवाले त्यात बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. उतरताना त्यांना मी आणि शेजारीण अशा दोघींनी ओढलं. म्हणाले, तुझ्या दादाला कळव की दात काढताना मी माणसाला भूल देतो. वाऱ्यानं माझे कान बधिर होतात. छापखान्यात पोचते तेव्हा केस असे झालेले असतात की पहारेकरी ओळखपत्र मागतो. आणि भीती वाटते, हे लपवत नाही. मोठा मालट्रक शेजारून गेला की त्याची चाकं माझ्या डोक्याच्या उंचीवर असतात.

तरी सकाळी सहाला जाग येते, आणि मी चपला घालून खाली जाते. का, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर लिहून ठेवलेलं नाही, कारण ते अजून सापडलेलं नाही. व्हॅनमध्ये मला नेहमी कोणाला तरी कुठेतरी पोचवायचं असतं. टोळात बसलं की कुठेच पोचायचं नसतं. कालव्याच्या टोकाला वळण आहे, तिथून ऊन एकदम अंगावर येतं, आणि मी नऊ वर्षांची असते. तू चालवतो आहेस आणि अण्णांनी मला तुमच्या दोघांच्या मध्ये, गिअरच्या पलीकडे, दामटून बसवलं आहे.

वहिनींनी बटणांना घातलेल्या टोप्या फार आवडल्या. दिव्याच्या बटणाला मखमल, वायपरला खरखरीत पोतं, हॉर्नला लोकर. बघायची गरजच पडत नाही, बोटांना कळतं. शिवणवर्गातली उरलेली चिंधी कुठे लावायची, हे त्यांच्याकडून शिकावं.

आता एक खोडी, जी तुझ्या यादीत नाही. डाव्या बाजूला, पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून दारापर्यंत, हातभर लांब ओरखडा बुजवून त्यावर रंग दिलेला आहे, आणि तो रंग जुळत नाही. काळपट झाला आहे. टोळाचा रंग म्हणजे ओल्या पाटीवर कोणी हिरवा खडू फिरवून पुसावा तसा. हा पट्टा मात्र नुसतीच पाटी. कोणत्या ढ माणसाकडून करून घेतलंस? शहरातल्या प्रत्येक गाडीचा रंग नजरेनं जुळवून देणारा तू, आणि तुझ्याच गाडीला ठिगळ! लोक काय म्हणतील?

मी आपली आगाऊपणानं इथल्या रंगवाल्याकडे गेले. तो तीन नमुने करतो म्हणाला आणि त्यानं केले. पत्र्याच्या तीन पट्ट्या सोबतच्या पाकिटात आहेत, मागे एक, दोन, तीन असे आकडे मी घातले आहेत. खरं सांगायचं तर मला तिन्हींत फरक दिसत नाही. म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. कोणती जुळते ते कळव, म्हणजे ठिगळ काढून टाकता येईल.

नातींना पापा. लोभ असू दे, उत्तर लवकर असू दे.

तुझी,
शंकासुर


२७ मार्च

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. पट्ट्या मिळाल्या.

तुला फरक दिसत नाही, हे वाचून हसू आलं. तू अक्षरांची माणूस. रंग वाचायला वेगळी बाराखडी लागते. तर ऐक. एक नंबरात त्यानं काळा जास्त ओतला आहे. रंग गडद दिसला की नवशिक्याला वाटतं त्याला खोली आली. तीन नंबरात पिवळा वर आला आहे, उन्हात तो आजारी दिसेल. दोन नंबर बरा. अगदी बरोबर नाही, पण लांबून चालेल. त्या रंगवाल्याला सांग, हात बरा आहे, घाई कमी कर.

आणि ठिगळाचं एवढं मनावर घेऊ नकोस. गाडी आहे, ओरखडायचीच.

इकडे छान चाललं आहे. काल धर्मशाळा तळ्याला दोन फेऱ्या मारून आली. सहा आठवडे संपत आले नाहीत का? १३ एप्रिलला, नाही का? माझी कंबर आता पुष्कळ बरी आहे. ट्रक सांगायला नको, मीच येईन गाडी न्यायला, बसनं येईन आणि टोळ चालवत परत. पहाटे निघालो तर ऊन चढायच्या आत घरी. निकाल तोवर तयार ठेव. मला वाटतं तो काय असणार ते मला ठाऊक आहे. तुझ्या त्या नऊ वर्षांच्या मुलीनं तो आधीच दिला आहे.

लोभात काटछाट नको.

तुझा,
दादा


३१ मार्च

ती. सौ. वहिनींस,

सा. न. हे पत्र तुमच्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नाही. असं मी आजवर कधी केलेलं नाही आणि करताना बरं वाटत नाही.

मी दादाला रंगाच्या तीन पट्ट्या पाठवल्या होत्या. त्यानं दोन नंबरची पसंत केली. ते सांगायला काल रंगवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, दोन नंबर तर इथेच आहे. त्याच्या दुकानात तारेवर दुसरा आणि तिसरा नमुना वाळत घातले होते ते अजून तसेच लटकत होते. मी घाई केली म्हणून त्यानं त्या दिवशी मला फक्त पहिलाच दिला होता, आणि मी नुसतंच तीन पट्ट्या द्या म्हटलं होतं म्हणून त्याचेच कात्रीनं तीन तुकडे करून दिले होते. वहिनी, तिन्ही पट्ट्या एकाच पत्र्याच्या होत्या. एकाच डब्यातल्या, एकाच हाताच्या.

मला फरक दिसला नव्हता, हे मी त्याला लिहिलंही होतं. पण फरक नसेल, असं एकदाही मनात आलं नाही. मला वाटलं, तो इतका बारीक आहे की फक्त दादालाच दिसेल. आणि त्यानं तो पाहिला. काळा किती, पिवळा किती, सगळं लिहिलं.

दिवसभर मी स्वतःची समजूत काढत होते. थट्टा केली असेल. मग एकेक गोष्ट रांगेत येऊन उभी राहिली. ट्रक. जाड पेन. यादी तुमच्या अक्षरात. मखमल आणि पोतं आणि लोकर, ज्यांचं मी कौतुक केलं. तळ्याच्या कडेचे बगळे मोजणारा आणि गाडीत मागे बसणारा दादा. आणि ते ठिगळ. ते त्यानंच केलं आहे ना? मी त्याला ढ म्हटलं.

गेल्या वर्षी तुम्ही दोघं आला होता तेव्हा त्यानं माझ्या मुलाला दारात ओळखलं नव्हतं, मुलगा बोलल्यावर ओळखलं. मुलानं दाढी ठेवली आहे म्हणून, असं आम्ही सगळे हसलो. मी हसले, पण मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. ते मी डायरीत लिहिलं नाही. मी रोज काय जेवले तेही लिहिते, आणि हे लिहिलं नाही. का नाही लिहिलं?

जे असेल ते मला सांगा. तो १३ तारखेला टोळ न्यायला येतो म्हणतो आहे. माया असू द्या.

तुमची,
शंकासुर


४ एप्रिल

चि. वन्संबाईंस,

अनेक आशीर्वाद. वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम. थोडं चीड, म्हणजे पुढचं वाचायला बळ येईल.

पट्ट्यांचं पाकीट यांनी मला दाखवलंच नाही. दाखवलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि म्हणूनच दाखवलं नाही.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. दोन्ही डोळ्यांचा. दीड वर्ष झालं कळून. कडा शाबूत आहेत आणि राहतील, असं डॉक्टर म्हणाले. ठार अंधार होणार नाही, पण गेलं ते परत येणारही नाही. माणसाकडे सरळ पाहिलं की चेहऱ्याच्या जागी धुकं, आणि कान मात्र स्वच्छ. हे म्हणतात, आता मी तुला ओळखतो ती कुड्यांवरून. थट्टा करतात ना, म्हणून दीड वर्ष कोणाला कळलं नाही.

ओरखडा फाटकाच्या खांबाचा आहे. खांब बरोबर समोर होता, म्हणूनच दिसला नाही. एका रविवारी एकटेच आपल्या गाड्या रंगवायच्या कारखान्यात गेले आणि रंग मिसळून पट्टा बुजवून आले. सोमवारी सगळ्या कामगारांनी पाहिला आणि कोणी शब्द काढला नाही. ज्या माणसानं सगळ्यांचे रंग सुधारले, त्याला रंग चुकला म्हणून कोण सांगणार? मीही नाही सांगितलं. तू पत्रात लिहिलंस तेव्हा यांना पहिल्यांदा कळलं. पत्र वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. ती ओळ आली तेव्हा मी थांबले, तर म्हणाले, वाच, थांबलीस का?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. फेब्रुवारीत एका सकाळी तळ्याच्या रस्त्यावर एक बाई सायकलवरून समोरून येत होती. ती यांना दिसली ती बाजूला आल्यावर. काही झालं नाही. तिनं तर हात केला म्हणे. हे घरी आले, किल्ली माझ्या बटणांच्या डब्यात टाकली, आणि म्हणाले, ट्रकवाल्याला फोन कर. गाडी बदलायची कल्पना, तुझ्या निकालाची कल्पना, ती सगळी त्याच दुपारची. स्वतःच्या हातांपासून लांब ठेवायचा होता टोळ. पण देऊन टाका म्हणायला तोंड उघडेना, म्हणून तुझ्या तोंडून काढायचं.

आता महिना झाला आणि भीती ओसरली. रोज सकाळी विचारतात, किती दिवस राहिले? म्हणतात, पहाटे रस्त्यावर कोण असतं? कडेनं मला दिसतं की. मला रात्री झोप नाही. तू व्हॅन म्हणालीस तर गाडी त्या वकिलांच्या काचेत जाईल आणि हे मनातून खचतील. टोळ म्हणालीस तर तो या फाटकातून आत येईल, आणि एक दिवस ती सायकलवाली बाई हात करणार नाही. मला दोन्ही नको. तू शिकलेली आहेस, तूच काहीतरी काढ.

एक तुला म्हणून सांगते. लेकीनं मला तुझी व्हॅन शिकवली. या वयात! शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखंच आहे, जोर दिला की टाका लांब. परवा परवाना मिळाला. टोळ मात्र माझ्याच्यानं व्हायचा नाही, दोनदा क्लच दाबायला मला तिसरा पाय नाही.

तुझ्यावर सगळा भार टाकते, रागावू नको.

तुझी,
वहिनी


८ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज सगळं रीतसर, कारण हे पत्र निकालाचं आहे. वहिनींना वाचून दाखवायला सांग. त्या कुठे थांबल्या तर तू आधी म्हणालास तेच म्हण.

आधी माझी चूक. तुला पाठवलेल्या तिन्ही पट्ट्या एकाच पत्र्याच्या होत्या. मी सापळा लावला नव्हता, मी अजागळपणा केला. पण त्यातून मला कळायचं ते कळलं, आणि बाकीचं मी वहिनींना विचारलं. त्यांनी चुगली केलेली नाही. मी विचारलं आणि त्यांना खोटं बोलता आलं नाही. खोटं न येण्याचा मक्ता माझा एकटीचा नाही.

आता निकाल. गाडी म्हणून विचारशील तर टोळ हरला. तो थंडीत गारठवतो, उन्हात भाजतो, त्याचे ब्रेक आधी विचार करतात आणि मग लागतात. धर्मशाळा चांगली गाडी आहे. ती सगळ्यांना घेते आणि सगळ्यांना पोचवते. हे मी पाच आठवडे टोळ चालवून, त्याच्यावर जीव जडल्यावर लिहिते आहे, म्हणून ते खरं धर.

पण मी ज्याच्याबद्दल निकाल देते आहे ती धर्मशाळा आता माझ्याकडे उरलेली नाही, हेही लिहायला हवं. सासूबाई गेल्या. मुलगा वसतिगृहात. दातवाले सायकलनं दवाखान्यात जातात. गेलं वर्षभर मी सहा जणांची गाडी एकटी चालवत छापखान्यात जाते, आणि आरशात पाच रिकाम्या सीटा बघते. विकायचं नाव काढलं तर मी चिडायचे. पूर्वी लांबून परत येताना सगळे झोपलेले असायचे आणि मी एकटी जागी, सगळ्यांच्या झोपेची राखण करत. ते सुख मला सोडवत नव्हतं. त्यामुळे तुझ्या हट्टाबद्दल उपदेश करायचा अधिकार मला नाही. करतही नाही.

ठरवलं आहे ते सांगते. टोळ वकिलांकडे जाणार नाही. काचेत उभं करायला तो काही पुतळा नव्हे. पण तो तुझ्या फाटकातही येणार नाही. मी १३ तारखेला किल्ली देणार नाही, दादा. तू बसनं आलास, दारात उभा राहिलास, थोरलेपण काढलंस, तरी देणार नाही. टोळ माझ्याकडे राहील आणि मी तो चालवीन, रोज, वाईट का होईना. व्हॅन तुमच्याकडे राहील. वहिनी चालवतील आणि तू त्या खिडकीशी बसशील.

तुला न विचारता ठरवलं, याचा मला त्रास होतो आहे. चार वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी वाटलं, तुझ्या हातातून ती गाडी काढून घेणारी मी कोण? मग ती सायकलवाली बाई आठवते. तिला मी ओळखत नाही. तिचीही कोणीतरी धाकटी बहीण असेल.

ढ म्हटलं, तो शब्द परत घेते. रागावलास तर रागव, पण पत्र पाठव. लोभ या वेळी मागूनच घेते आहे.

तुझी,
शंकासुर


१७ एप्रिल

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. सांगणारा मी, लिहिणारी वहिनी. जाड पेन नातींना देऊन टाकला, आता सोंग कशाला?

तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. (चार. — वहिनी) तुझ्याशी तर जन्मात बोलणार नव्हतो. ज्या मुलीला मी गिअरच्या पलीकडे धरून बसवायचो, तिनं मला किल्ली देणार नाही म्हणावं! वहिनीलाही खूप बोललो. (लिहिण्यासारखं नाही. — वहिनी)

पट्ट्यांचं म्हणशील तर मला त्या दिसल्याच नाहीत. खिडकीत धरल्या, तिरक्या धरल्या, वास घेतला. मग आठवलं, की माझा रंग जुळवायला निघालेला प्रत्येक माणूस चुकतो तो दोनच जागी. आधी काळा जास्त घालतो, मग घाबरून पिवळा. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघितल्या, त्या पाठ आहेत. त्याच लिहून पाठवल्या. तुला वाटलं मी खोटं बोललो. बोललो खरा, पण अभ्यासानं बोललो. त्या रात्री मी इतका खूश होतो की दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वाटलं, अजून जमतं आपल्याला. असल्या खुशीनंच माणूस पहाटे किल्ली शोधायला लागतो.

पाचव्या दिवशी वहिनी म्हणाली, चला, नाही तर मी एकटी जाते. गेलो. लेक आणि नाती परत गेल्या, त्यामुळे धर्मशाळेत आम्ही दोघंच, ती पुढे आणि मी मधल्या रांगेत, भाड्याच्या गाडीतल्या शेठजीसारखा. ती फार हळू चालवते. (सावकाश. — वहिनी) तळ्याशी आलो तेव्हा समोरून कोणीतरी आलं असावं, कारण तिनं गाडी थांबवली, दम खाल्ला आणि पुन्हा निघाली. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी खिडकीत होतो. तो माणूस माझ्या कडेला आला तेव्हा दिसला. घंटी, टोपली, हात. मी हात केला. मग वहिनीला म्हटलं, घरी चल. वकिलांना नकार कळवायचा आहे.

तेव्हा ठेव टोळ. पण एवढ्यावर सुटशील असं समजू नकोस. येत्या रविवारी तो घेऊन इकडे ये. दातवाले धर्मशाळेत वहिनीजवळ बसतील, गुडघे पसरून. मी डाव्या सीटवर बसणार. त्या सीटवर मी आजवर कधी बसलेलो नाही, तिथून तो कसा लागतो ते मला ठाऊक नाही. मला रस्ता सांगत बसू नकोस, पुढे खड्डा आहे, वळण आहे, असलं काही नको. मधलं तू बघ, कडेचं मी बघतो.

तुझा,
दादा

ता. क. वरची सही यांनी स्वतः केली आहे. काना कागदाबाहेर गेला, टेबलावर. मी पुसला नाही. रविवारी लवकर निघ. — वहिनी